वारली चित्र आणि प्रताधिकार



नरोलीच्या परिसरात वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक ‘लिहितात’. त्याखाली कोणाचेच नाव नसते. त्याच आकृती साडीवर, दिनदर्शिकेवर छापून विकल्या जातात, तेव्हा प्रश्न उभा राहतो: हा चौक कोणाचा?

१९५७ चा प्रताधिकार कायदा व्यक्ती ओळखतो. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकाराने कागदावर रेखाटलेले चित्र मूलतः त्याचे. निधनानंतरही तो हक्क ६० वर्षे टिकतो. परंपरागत शैलीवर मात्र कोणाचाच प्रताधिकार नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले. पण नाव न घेता नुसती शैली उचलणाऱ्यास ते अडवू शकत नाही.

कायदा थांबतो तेथे ग्रंथालयाचे कर्तव्य सुरू होते. मुखपृष्ठासाठी चित्र घेताना चित्रकर्त्याचा शोध घ्यावा. मोबदला आणि मुदत लेखी ठरवावी. हक्क लिहून देताना मुदत न लिहिल्यास कायदा ती ५ वर्षे धरतो. अक्षरओळख नसलेल्यास करार त्याच्या बोलीत समजावून द्यावा. आणि चित्रकर्त्याचे नाव पुस्तकात छापावे.

पुस्तक उघडताच लेखकाचे नाव पाहणाऱ्या वाचकाने भिंतीवरच्या लेखनालाही धनी आहे, याचा विसर पडू देऊ नये.