लेकीची सायकल, टेकडीची वाट

आमच्या गटातल्या एकीची लेक टेकडीच्या उतारावर सायकलवरून पडली. पोरं हसली. तिनं सायकल सोडली. शाळा टेकडीपलीकडे; सायकल सुटली तर शाळाही सुटेल, हा घोर आम्हाला लागला. आधी आम्ही रागावलो. मग उमगलं, तिला सोबत हवी.

सीट खाली घेतली. पाय जमिनीला टेकले, भीती निम्मी झाली. ओढणी चेनमध्ये अडकू नये म्हणून कमरेला खोचली. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, दोन्ही हळूहळू दाबायचे. चढ झेपला नाही तर उतरून ढकलायची, लाज कसली?

रोज संध्याकाळी आम्ही मागून चालत गेलो. आता ती माथ्यावर पोचून आम्हालाच हाका मारते, "या की लवकर!"