दाखला देण्याआधी



देवगाव रंगारीच्या या शिक्षक-पालक सभेचा अध्यक्ष म्हणून बोलण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात, चित्रकलेच्या तासाला, एका मुलानं कापलेलं कलिंगड काढलं. हिरवी साल, पांढरी कड, लाल गर, काळ्या बिया. मला ते फळच वाटलं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मात्र मोबाइलमुळे ठाऊक होतं, की पॅलेस्टाईनच्या झेंड्याचे हेच चार रंग आहेत आणि गाझासाठी लोक कलिंगडाची खूण वापरतात. "तू तिकडचाच," तो म्हणाला. मधल्या सुट्टीत झटापट झाली. मी चित्र काढून घेतलं, कपाटात टाकलं, दोघांना ऑफिसच्या दारात उभं केलं. दोघांना सारखी शिक्षा केली म्हणजे न्याय केला, असं मला वाटलं. पण चित्र काढणाऱ्याला मी एकदाही विचारलं नाही, "बाळा, हे का काढलंस?" त्यानंतर वर्षभर त्यानं माझ्या तासाला हात वर केला नाही.

घाबरलेली शाळा आधी मुलाला बाजूला काढते. आपल्या मराठवाड्यानं हे फार पूर्वी पाहिलं आहे. 1938 मध्ये, निजामाच्या राजवटीत, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं वंदे मातरम् म्हणू लागली. बंदी आली, संप झाला. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठातही तेच घडलं आणि कितीतरी मुलांची नावं पटावरून गेली. नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू केदारांनी, त्यांना जवळ केलं म्हणून त्यांचं शिक्षण पुढं चालू राहिलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. 1985 मध्ये केरळात उलट झालं. तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढलं. 1986 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. गाणं म्हटलं म्हणूनही मूल बाहेर जातं आणि म्हटलं नाही म्हणूनही.

आणि अगदी कालचं सांगतो. मे 2025. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या काश्मिरी मुलीनं इन्स्टाग्रामवर सरकारवर टीका करणारा मजकूर पुढं पाठवला. धमक्या आल्या तसा तिनं तो दोन तासांत काढून टाकला, माफी मागितली. तरीही महाविद्यालयानं तिचं नाव कमी केलं आणि पोलिसांनी अटक केली. ऐन परीक्षेच्या दिवसांत ती तुरुंगात होती. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तिला सोडायला सांगितलं आणि महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला. तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, यावर न्यायालयानं बोट ठेवलं. ती पोर काय बोलली ते बरोबर की चूक, यावर आपल्यात मतभेद असतील. पण तिला समोर बसवून कुणीतरी विचारायला हवं होतं, याबद्दल या मंडपात दुमत नसावं.

मुख्याध्यापकांची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. उद्या फाटकाशी जमाव आला तर तोंड मुख्याध्यापकांनाच द्यावं लागतं. अशा वेळी वर्गातला मोबाइल बाजूला ठेवायला लावणं, मुलाला घरापर्यंत सोबत देणं, पोलीस पाटलांना कळवणं, हे सगळं करावंच. मात्र ते मुलाला वाचवण्यासाठी असावं. त्याच्यापासून शाळा वाचवण्यासाठी नव्हे.

कलिंगड काढणं आणि "तू तिकडचाच" म्हणणं, हे मी त्या दिवशी एकाच मापानं मोजलं, तिथं चुकलो. पहिल्यात एक पोर फार तर दूरच्या पोरांसाठी हळहळत असेल. दुसऱ्यात एक पोर शेजारच्याला गावाबाहेर काढत होतं. दुसऱ्याला त्याच तासाला थांबवायला हवं होतं. अर्थात, त्यालाही रागावण्याआधी विचारायला हवं होतं, की हा शब्द तू कुठून आणलास? तो त्याचा नव्हता, कुणा मोठ्याचा होता.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्यातलं सोळावं कलम सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतरावं कलम मानसिक छळालाही मनाई करतं. हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण काढत नाही. बापाला बोलावून हळूच म्हणतो, "तुम्हीच दाखला काढून न्या, पोराच्याच भल्याचं आहे." मजुरीचा दिवस मोडून आलेला बाप मान हलवतो आणि सही करतो. आपल्या दप्तरात त्याची नोंद 'पालकांच्या विनंतीवरून' अशी होते. मित्रहो, ही नोंद खोटी असते.

म्हणून आज एक ठराव मांडतो. चित्र, घोषणा, कपडा किंवा स्टेटस, यावरून कुठल्याही मुलावर कारवाई करण्याआधी, आणि पालकानं अशा वेळी स्वतःहून दाखला मागितला तरी तो देण्याआधी, वर्गशिक्षक आणि पालक यांच्यासमोर मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. तो कागद मुलाला वाचून दाखवावा. त्यात तीन दिवस जाऊ द्यावेत. तेवढ्यात गावही थोडं निवतं.

ते चित्र अजून माझ्याकडे आहे, आज पिशवीत घालून आणलंय. तो मुलगा यंदा दहावीला आहे. सोमवारी ते त्याला परत देणार आहे आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारणार आहे. त्यानं उत्तर दिलं नाही, तरी चालेल. ठरावावर कुणाला बोलायचं असेल त्यांनी पुढं यावं.