डाग कातडीवर, भीती मनात
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही मिलमधला माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली, वाचन सुटले नाही. विहाराच्या मंचावरून आज प्रेमावर बोलणार म्हटल्यावर पोरं हसतील. हसा, पण ऐका.

१९९१ साल, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. आम्ही विशीत, अकोल्याच्या मिलमध्ये कताई खात्यात. अमरावतीच्या इर्विन चौकात जयंतीच्या गर्दीत एका मुलीची ओळख झाली. पुढे सुटीच्या दिवशी पॅसेंजरने बडनेरा, तिथून अमरावती, असे आमचे सुरू झाले. पत्रे चालली. वर्षभरात ओठाच्या कडेला पांढरा ठिपका दिसला, मग बोटांवर. कोड! खात्यात कोणी आमच्या ग्लासातून पाणी पिईना. आम्ही आरशात पाहणे सोडले आणि अमरावतीला जाणेही सोडले. तिची दोन पत्रे आली, उत्तर दिले नाही. ती नाहीच म्हणणार, हे आम्हीच ठरवून टाकले होते.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती भेटली, लेकुरवाळी. म्हणाली, “डाग त मले तवाच दिसला होता. मायले सांगूनबी ठेवलं होतं. तुमी एकदा इचारलं असतं त!”

बंधूंनो, तिने आम्हाला नाकारले नव्हते. तिच्या वतीने आम्हीच स्वतःला नाकारले.

कोड म्हणजे काय, हे आम्ही फार उशिरा वाचले. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते आणि तिथला रंग जातो. जगात शंभरात एखाद-दोघांना हे असते. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, संसार केल्याने ते लागत नाही. दुधावर मासे खाल्ल्याने होत नाही. घराण्यात असले तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण होईलच असे नाही. उपचाराने काहींचा रंग परतही येतो.

लोक त्याला ‘पांढरे कुष्ठ’ म्हणतात, तेही चूक. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. आणि तोही आज औषधाने पूर्ण बरा होतो. ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, तिथल्या लोकांना हे सांगावे लागू नये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, तेही २०१९ साली काढून टाकले. कायदा बदलला, आपण कधी बदलणार?

शिवाशिवीविरुद्ध लढलेला आपला समाज. आणि आपल्यातच कोड असलेल्याचा ग्लास वेगळा? आपल्याच परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर ‘रंग’ हा रकाना कशाला? भगवंतांच्या संघात लकुंटक भद्दिय नावाचे भिक्खू होते. ठेंगणे, दिसायला कुरूप. बाकीचे त्यांना हिणवीत. भगवंतांनी त्यांच्या ज्ञानाचा गौरव करून हिणवणाऱ्यांना गप्प केले. हे आपण सांगतो, आणि मुलगी पाहायला गेलो की विसरतो.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावे घेतले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीचा आहे. विहारात तो एकदा दाखवावा, ही आमची सूचना.

गेल्या वर्षी आमच्या भाचीच्या हातावर डाग उठला. साक्षगंध ठरत आले होते. ती म्हणाली, “मामा, मीच नाही म्हणून कळवतो.” आम्ही म्हटले, “नाही बाई! डाग त्याले दाखव. मंग त्याचं त्याले बोलू दे. त्याच्या वाटचं तू बोलू नको.” तिने दाखवला. मुलगा डॉक्टरला विचारून आला. त्याच्या आईला पटायला चार महिने लागले. पण पटले. बुद्धपौर्णिमेनंतर लग्न आहे, सगळ्यांनी यावे.

तरुणांनो, लपवू नका आणि आपण होऊन पळूही नका. आम्ही पळालो, म्हणून सांगतो.

जयभीम! नमो बुद्धाय!