कुरळे केस आणि मेंदी

कुरळे केस हा आपल्याकडे एकाच वेळी कौतुकाचा आणि कटकटीचा विषय होऊन बसला आहे. संस्कृत काव्यात नायिकेच्या कपाळावर रुळणाऱ्या बटांना मोठा मान आहे. अमरकोशकाराने अशा बटांसाठी अलक आणि चूर्णकुंतल अशी खास नावे नोंदवून ठेवली आहेत. बुद्धमूर्ती घडविणाऱ्या शिल्पकारांनी भगवंताच्या मस्तकावर उजवीकडे वळलेल्या कुरळांच्या रांगाच्या रांगा कोरल्या. परंतु हेच केस घरातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यावर उगवले की भाषा एकदम बदलते. आईचे केस सरळ, थोरल्या बहिणीचे सरळ, आणि हिच्या डोक्यावर मात्र 'झिपऱ्या', 'टोपले', 'जंगल'. रविवारी न्हाणे झाले, केस वाळले, की त्यांतून बारीक दातांची फणी ओढली जाते; मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका साचतो, आणि अखेरीस तेल चोपडून, आवळून, दोन घट्ट वेण्या घातल्या की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. ती मुलगी मोठी झाली की तापलेल्या चिमट्याने किंवा रसायनाने केस सरळ करून घेते. या रसायनांपैकी काहींतून उष्णता लागताच फॉर्माल्डिहाइडसारखा घातक वायू बाहेर पडतो, हे तिला बहुधा कोणी सांगितलेले नसते. पुढे चाळिशीच्या सुमारास पांढरे केस डोकावू लागले की ती मेंदीकडे वळते, आणि थोड्याच महिन्यांत तक्रार करू लागते, की मेंदीने केसांचा काथ्या झाला.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक समजूत आहे. कुरळा केस म्हणजे वळण बिघडलेला सरळ केस, तो ओढून-दामटून ताळ्यावर आणता येईल, अशी ती समजूत. केसाची घडण पाहिली तर तिला काही आधार उरत नाही. सरळ केस ज्या कूपातून उगवतो तो कूप त्वचेत जवळजवळ सरळ उतरलेला असतो. कुरळ्या केसाचा कूप बाकदार असतो. असा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याचा छेद गोल न दिसता लंबवर्तुळाकार, कधी कधी तर चपट्या फितीसारखा दिसतो. म्हणजे पीळ त्वचेच्या आतच ठरून बाहेर येतो. तेलाने तो दबेल, चिमट्याने चार दिवस लपेल. मुंडण केले तरी कूप आपला आकार सोडत नाही.

या घडणीमुळे कुरळ्या केसाच्या वाट्याला कायमची तहान येते. टाळूतील ग्रंथींतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते; कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते. मुळाशी तेलकटपणा आणि टोकाशी पेंढा, असा जो विरोधाभास अनेक जणींना कोड्यात टाकतो, त्याचे उत्तर इथे आहे. शिवाय केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. हे खवले उचलले गेले की आतली ओल बाहेर पडते, आणि बाहेरचे बाष्प आत शिरते. मुंबईत किंवा कोकणात पहिला पाऊस पडला की कुरळे केस फुलून उभे राहतात, तेव्हा दमट हवेला दोष दिला जातो. वास्तविक कोरडा केस हवेतून पाणी ओढून घेत असतो. त्याला आधीच पुरेशी ओल मिळालेली असती, तर त्याने इतकी घाई केली नसती.

या तहानेची थोडीबहुत जाण जुन्या न्हाणीघरात होती. अंगाचा साबण क्षारधर्मी असतो. तो केसाचे खवले उघडतो, आणि मराठवाड्यासारख्या भागातल्या विहिरींच्या जड पाण्यात त्याची चिकट साय केसांवर बसते. शिकेकाई किंचित आम्लधर्मी असल्यामुळे तिच्याने हे होत नाही. तरीही दाट काढा करून वारंवार वापरल्यास शिकेकाई आणि रिठा दोन्ही केस रूक्ष करतात, हे जुन्या काळाच्या अभिमानापोटी विसरू नये. आजच्या शांपूलाही सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. तो शब्द तर आपलाच: चांपणे-चंपी या देशी शब्दांतून तो निघाला, आणि पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून तो तिकडे रूढ केला. त्या वेळी त्याचा अर्थ मालिश असा होता. फेसाशी त्याचे लग्न पुढे लागले. कुरळ्या केसांना सौम्य शांपू आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तोही टाळूपुरता पुरे. टोकांना त्यातून ओघळणारा फेस पुरेसा असतो.

न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या चालीला मात्र आधुनिक संशोधनाने चांगलाच दुजोरा दिला आहे. मुंबईतील आरती रेले आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून होणारी प्रथिनांची झीज तिघांपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीयरीत्या कमी केली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. बाकीची तेले वरच राहतात. ओला होताना केस फुगतो आणि वाळताना आकसतो. आत शिरलेले तेल हे फुगणे आवरते. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवली पाहिजे. तेल ओल टिकवते, परंतु तेलात पाणी नसते. कोरड्याठाक केसांवर तेल थापून ओलाव्याची अपेक्षा करणे म्हणजे रिकाम्या रांजणावर झाकण ठेवण्यासारखे आहे.

आता मेंदी. राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे नारिंगी-तांबूस रंगद्रव्य असते. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केराटिनशी त्याचा थेट रासायनिक संयोग होतो. त्यामुळे मेंदीचा रंग धुऊन जात नाही. तो केसाबरोबर वाढत खाली सरकतो. या संयोगामुळे केसाला घट्टपणा येतो, तो जाड भासतो, त्यावर चकाकी येते. हे मेंदीचे खरे गुण आहेत आणि ते थोडके नाहीत. परंतु मेंदी ओल देत नाही. 'मेंदी थंड असते, ती केसांना पोसते' असे घरोघर सांगितले जाते. थंडावा टाळूला वाटतो हे खरे, पण केसापुरते पाहिले तर मेंदी ही रंगारीण आहे, दाई नव्हे. सरळ, तेलकट केसांना तिचा कोरडेपणा बाधत नाही, किंबहुना मानवतोही. मुळातच तहानलेल्या केसांना तो दुप्पट जाणवतो. त्यातून दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत मेंदी चढविली, तर थरावर थर बसून केस ताठर होतात, रंग काळपट होत जातो, आणि अनेक जणींचा पीळही सैल पडतो.

यावर उपाय मेंदी सोडण्याचा नाही, ती लावण्याची रीत बदलण्याचा आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा पहिल्या खेपेनंतर मेंदी फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना लावावी, लांबीला वर्षातून एखादे वेळी. मेंदी बारीक वस्त्रगाळ असावी, कारण जाडसर पानांचे कण कुरळांत अडकून बसतात आणि ते काढतानाच केस तुटतात. ती रात्री कोमट पाण्यात, आवळकाठीच्या पाण्यात किंवा चहाच्या फिक्या काढ्यात भिजवावी. थोड्या आम्लतेने रंग चांगला सुटतो. पण लिंबाचा रस सढळ हाताने पिळणे कुरळ्या केसांना सोसत नाही. लोखंडी कढईची चाल जुनी आहे, आणि आवळ्यातील तुरट द्रव्याशी लोहाचा संयोग होऊन रंगाला गडद छटा येते हेही खरे. ज्यांना ती छटा नको असेल त्यांना काचेचे भांडे चालेल. अंडे आणि दही घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु लॉसोन प्रथिनाला चिकटते, आणि केसाऐवजी अंड्यालाच चिकटू लागले तर रंग फिका पडणारच. त्यांच्याऐवजी कोरफडीचा गर किंवा जवसाचे बुळबुळीत पाणी घालून मेंदी धिरड्याच्या पिठाइतकी सैल करावी. ती केसांतून घसरत जाते, ओढावी लागत नाही. मेंदी लावण्यापूर्वी केस धुतलेले आणि तेलविरहित असावेत, आणि हाताला किंचित ओले लागावेत.

सर्वात अधिक नुकसान होते ते मेंदी डोक्यावर वाळू देण्याने. मेंदी लावून उन्हात बसायचे, ती तडकून मातीसारखी गळू लागली की धुवायची, अशी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. वाळलेल्या मेंदीतून रंग केसात जात नाही, कारण त्याला प्रवासासाठी पाणी लागते. उलट ती केसाचीच ओल शोषते, आणि धुताना ढेकळांबरोबर केस ओढले जातात. म्हणून मेंदी लावताच डोक्याला केळीचे पान किंवा प्लॅस्टिकची टोपी बांधावी, वर जुने फडके गुंडाळावे, आणि दोन-तीन तासांत, ती ओली असतानाच, बादलीत डोके बुडवून काढावी. कंडिशनर चोळला की राहिलेले कण सुटतात. त्या दिवशी शांपू लावू नये; रंग हवेने एक-दोन दिवस पक्का होत जातो, आणि पहिल्या दिवशीचा भडक नारिंगीपणा पाहून घाबरण्याचे कारण नसते. हलकी छटा पुरेशी वाटणाऱ्यांनी वाटीभर कंडिशनरमध्ये दोन-तीन चमचे भिजविलेली मेंदी मिसळून तासभर लावली तरी भागते. रंग कमी येतो, केस मऊ राहतात.

मेंदीनंतरचा आठवडा ओलाव्याचा. बाजारातील कंडिशनर हे काही गूढ औषध नाही: त्यातील धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात, खवले बसवतात आणि केसांचे परस्परांशी घर्षण कमी करतात. तो ओल्या केसांना लावायचा असतो, टाळूला नव्हे. ग्लिसरीन हवेतले पाणी खेचून धरते. दमट कोकणात ते थोडेच वापरावे, नाहीतर केस फुगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा दिल्लीच्या कोरड्या थंडीत हवेतच पाणी नसल्याने ते केसातले पाणी ओढू लागते. तिथे बादलीभर पाण्यासारखा गुण येतो तो जवसाला. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळावेत, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. गार झाल्यावर गाळणे म्हणजे शिक्षाच. शीतपेटीत ते आठवडाभर टिकते. न्हाल्यावर ठिबकत्या केसांना ते लावून मुठीत कुरळ दाबत गेले की प्रत्येक बट आपली वाट आपण शोधते. भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा आणि भेंडीचे पाणी ही त्याच जातीची. केरळात जास्वंदीची पाने पाण्यात चोळून जो बुळबुळीत रस काढतात त्याला ताळी म्हणतात, आणि तिथल्या दाट कुरळ्या केसांना तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला आहे.

राहिली फणी. बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी आहे, कुरळांसाठी नाही. गुंता सोडवायचा तो केस ओले आणि कंडिशनरने निसरडे असताना, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून आरंभ करून हळूहळू मुळाकडे जात. मुळापासून ओढला की वरचे सारे गुंते खाली एका गाठीत जमतात. केस टिपायला खरखरीत टॉवेलापेक्षा जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा किंवा पंचा बरा. आणि टिपायचे ते दाबून, घासून नव्हे. ओले केस आवळून बांधू नयेत, कारण ओल्या अवस्थेत केस ताणला जातो आणि त्याची ताकद कमी असते.

मेंदी विकत घेताना पुड्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. शुद्ध मेंदीला गवतासारखा वास येतो, तिचा रंग सुटायला तास लागतात आणि तो काळा कधीच येत नाही. काळेपणा हवा असेल तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावण्याची जुनी रीत आहे. पंधरा मिनिटांत कोळशासारखे काळे केस देणारी 'काळी मेंदी' ही बहुधा पॅराफिनिलीनडायअमिन या रसायनाची करामत असते. त्याने कित्येकांची टाळू सुजते, डोळ्यांच्या पापण्या फुगतात, आणि एकदा ही बाधा जडली की ती जन्मभर पाठ सोडत नाही. नवा पुडा आणल्यावर त्यातली चिमूटभर भिजवून कोपराच्या आतल्या बाजूला लावावी आणि दोन दिवस थांबावे. खाज किंवा चट्टा उठला तर तो पुडा केसांना लागता कामा नये. तान्ह्या मुलांना तर शुद्ध मेंदीही लावू नये. जी-सिक्स-पीडी या विकराची रक्तात उपजत उणीव असलेल्या बाळांच्या त्वचेतून लॉसोन आत शिरले तर तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि ही उणीव आहे की नाही हे रक्त तपासल्याखेरीज बाहेरून कळत नाही.