क्रोशाचे चौकोन व त्यांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणीतरी शिकलेल्या बाई बाहेरगावाहून येतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्यावर टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान कसे द्यावे हे मला ठाऊक नाही. पण हातात सुई असली म्हणजे मला बोलता येते, म्हणून ही पिशवी बरोबर आणली आहे. पिशवीत क्रोशाचे चौकोन आहेत. ते मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या आणि परत माझ्याकडे येऊ द्या, कारण ते मोजलेले आहेत.

क्रोशाकाम आपल्याला नवीन नाही. आपल्यापैकी कितीजणींच्या रुखवतात क्रोशाचे तोरण होते, तांब्यावरचा रुमाल होता, टी.व्ही.वर घालायचे आच्छादन होते! पुढे टी.व्ही. चपटे झाले आणि ती आच्छादने ट्रंकेत गेली. क्रोशा मात्र हातातच राहिला. आजवर आपण तो दुसरीच्या हाताकडे पाहून शिकलो. आईने वीण दाखवायची, लेकीने ती बोटांत धरायची. पुस्तकावरून विणणे ही आपल्याकडे नवीन गोष्ट, आणि मला आज त्याबद्दलच सांगायचे आहे.

माझी भाची वणीला कॉलेजात शिकते. तिने मला चौकोनांच्या नमुन्यांचे एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. इंग्रजीत या चौकोनाला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे आजीचा चौकोन, म्हणतात. नाव ऐकून मला हसू आले, कारण आपल्या आजीची गोधडी ती हीच. जुन्या लुगड्याचे तुकडे जसे आपण टाकत नाही तसे तिकडच्या आज्या लोकरीची उरलेली टोके टाकत नसत. एकेका रंगाची एकेक फेरी, की झाला चौकोन. आणि चौकोनाला चौकोन जोडत गेले की पांघरूण. या चौकोनाचा नमुना १८८५ साली अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ नावाच्या शेतकऱ्यांच्या पत्रात छापून आला होता. शेतकऱ्यांच्या पत्रात विणकाम छापले जाते हे मला फार आवडले. आपल्याकडच्या शेतीच्या मासिकांत फवारणीपलीकडे काही नसते!

आता कृती सांगते. ज्यांना येते त्यांनी घटकाभर सोसावे. सहा साखळ्या घालून त्यांचा गोल जोडायचा. तीन साखळ्या वर चढायच्या, त्या एका खांबाच्या जागी धरायच्या; मग गोलात दोन खांब. हा तीन खांबांचा एक झुपका. कोपऱ्यासाठी तीन साखळ्या, पुन्हा झुपका, असे चार झुपके आणि चार कोपरे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात झुपका, तीन साखळ्या, झुपका. तिसऱ्या फेरीत कोपरे तसेच आणि बाजूच्या भोकात एकेक झुपका जास्त. पुढे सगळे असेच वाढत जाते. कोपऱ्यातल्या साखळ्या कमी घातल्या तर चौकोन वाटीसारखा वर उचलतो, जास्त घातल्या तर कोपरे लोंबतात.

आता खांब मोजा. पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. हा आपला बाराचा पाढा आहे! शाळेत मास्तरांनी छडीच्या धाकाने म्हणून घेतला होता, तो इथे बोटांखाली आपोआप उमलतो. चार फेऱ्यांच्या एका चौकोनात १२० खांब झाले. पाचवी फेरी घातली तर १८०. फेरीतल्या खांबांना बाराने भाग जात नसेल तर कुठेतरी झुपका सुटला असे समजावे आणि तिथेच उसवावे. पुढे गेल्यावर उसवायला जिवावर येते.

इंग्रजी पुस्तकात एक अडचण आहे. विलायती पुस्तक आणि अमेरिकन पुस्तक एकच नाव दोन वेगळ्या टाक्यांना देतात. अमेरिकन पुस्तक ज्याला ‘डबल’ म्हणते तो आपला खांब. विलायती पुस्तक ज्याला ‘डबल’ म्हणते तो आपला मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते ‘ट्रेबल’ म्हणतात. म्हणून पुस्तक उघडले की आधी ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द शोधावेत. ते असले तर पुस्तक अमेरिकन, कारण विलायती पुस्तकात सिंगल नावाचा टाकाच नसतो. आपल्या मराठीत साखळी ती साखळी आणि खांब तो खांब. इतके सरळ शब्द असताना नमुन्यांची मराठी पुस्तके आपल्या बाजारात हाताला लागत नाहीत याचा मला राग येतो.

पण पुस्तकात शब्दांच्या शेजारी एक आकृती असते. साखळीसाठी लांबट गोल, खांबासाठी इंग्रजी टी-सारखी उभी काडी आणि तिच्या अंगावर एक तिरपी रेघ. जपानी पुस्तकांत तर बहुतेक काम या आकृतीवरच चालते. मधून सुरुवात करून बाहेर वाचत जायचे, रांगोळी काढावी तसे. आपल्या मंडळात दोघीतिघी अशा आहेत की ज्यांना सही करतानासुद्धा वेळ लागतो. त्यांनी माझ्याआधी ही आकृती वाचली. ठिपके मोजून रांगोळी काढणारीला ती कठीण नाही. भाची म्हणते की मोबाईलवर सगळे फुकट दिसते, पुस्तक कशाला? मोबाईलमधली बाई फार घाईत असते, आणि आपल्याकडे रेंज पावसाच्या मर्जीवर. पुस्तक चुलीपाशी उघडे ठेवले तर तिथेच थांबते.

दोऱ्याविषयी दोन शब्द. दुकानात स्वस्त मिळते ती लोकर बहुधा ॲक्रिलिकची असते, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच. दिसायला सुरेख, धुवायला सोपी. पण विस्तवाजवळ ती वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून गरम भांडे धरायचे फडके तिचे कधी करू नये. आणि आपल्या झरीच्या उन्हाळ्यात तिचे पांघरूण कोण घेणार? पौष-माघ सोडला तर ते ट्रंकेतच राहायचे. आपल्याकडे सुती दोराच खरा. तान्ह्या बाळासाठी करायचे असेल तर मागून जुन्या सुती लुगड्याचे अस्तर लावावे, म्हणजे जाळीत बाळाची बोटे अडकत नाहीत. आणखी एक. आपल्या शिवारातला कापूस क्विंटलच्या भावाने जातो आणि त्याचाच दोरा आपण ग्रॅमच्या भावाने विकत घेतो. असो, तो विषय पुरुषमंडळींच्या सभेत दरसाल होतो.

आता ज्यासाठी मी उभी राहिले तिकडे येते. दिवाळीच्या सुमारास एक व्यापारी आपल्याकडे येऊन गेले हे सर्वांना ठाऊक आहे. दोरा त्यांचा, चौकोन आपण विणून द्यायचे, नगावर पैसे. दर त्यांनीच सांगितला आणि वर म्हणाले, ‘‘बायका दुपारी नाहीतरी बसूनच असतात.’’ पुष्कळजणींना दर बरा वाटला. घरात बसून चार पैसे मिळतात, उन्हात जावे लागत नाही, घरच्यांची ना नाही. मी त्यांना नावे ठेवत नाही. ज्या घरी पऱ्हाटीवर बोंडअळी पडली आहे त्या घरी चार पैसे म्हणजे काय, हे मला सांगायला नको.

त्या रात्री मी घड्याळ समोर ठेवून विणले. चार फेऱ्यांचा एक चौकोन विणायला मला २५ मिनिटे लागतात. रंग बदलल्यामुळे प्रत्येक फेरीची दोन टोके, म्हणजे आठ टोके, आत लपवायची. मग शेजारच्या चौकोनाला जोडायचे. त्याला १० मिनिटे. एका चौकोनाला ३५ मिनिटे झाली. सहा आडवे, आठ उभे, असे ४८ चौकोन घेतले तर एक लहान पांघरूण होते. त्यात ५,७६० खांब, आणि वेळ २८ तास. दिवसाला सात तास धरले तर चार दिवसांची रोजी! आता व्यापाऱ्याचा दर घ्या आणि निंदणाच्या चार दिवसांच्या रोजीशी ताडून पहा. मी पाहिला. आकडा इथे सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या घरी मांडावा.

आपण कापूस वेचायला जातो तेव्हा मालक कितीही ओळखीचा असला तरी संध्याकाळी काटा लागतो. जितके किलो, तितके पैसे. काट्याकडे पाहताना कोणी लाजत नाही. मग चौकोन विणताना आपण घड्याळाकडे पाहायला का लाजावे?

हे आपल्याच गावी घडते आहे असे नाही. पैनगंगा आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडून जाते. तिचे पाणी वर्धेत, वर्धेचे प्राणहितेत आणि प्राणहितेचे गोदावरीत मिळते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात, त्यातल्या वसिष्ठा नावाच्या फाट्यावर आंध्रातले नरसापूर गाव आहे. म्हणजे आपल्याकडून वाहून गेलेले पाणीच त्यांच्या दारावरून समुद्राला जाते. त्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती शिकवली. पुढे व्यापार वाढला आणि लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या एका जर्मन विदुषींनी तिथल्या बायकांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले, ते १९८२ साली निघाले. त्यात असे दिसते की बाई घरचे सगळे आटोपून वर सहा-आठ तास लेस विणत होती, आणि तरी तिला कोणी कामकरी म्हणत नव्हते. ती गृहिणी, आणि लेस हा तिचा फावल्या वेळचा उद्योग! तिला मिळत होते ते शेतमजूर बाईच्या रोजीहूनही कमी. पण शेतात जाण्यापेक्षा घरात बसून करायचे काम मानाचे, असे तिला आणि तिच्या घरच्यांना वाटे. त्या मानाची किंमत तिने मजुरीतून मोजली. तिच्या हातून निघालेल्या मालावर व्यापारी मोठे झाले. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव सरकारी दप्तरी चढले. चांगले झाले. त्याने विणणारीच्या हातात किती जास्त पडेल, ते तिचे तिनेच मोजायचे आहे.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती भीती घालते. १८४५ पासून काही वर्षे आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी तिथल्या जोगिणींनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि तिच्या विक्रीवर कित्येक घरच्या चुली पेटल्या. आणि २०१६ च्या ३१ जानेवारीला चेन्नईत ‘मदर इंडियाज् क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटाने ठिकठिकाणच्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडले. ते जगातले सर्वांत मोठे म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले. मोजलेत तर आपल्या गावातली कितीतरी घरे अंगणांसकट त्याखाली झाकतील.

आणखी एक गोष्ट मला पुस्तक वाचता वाचता कळली. सुयांवरचे स्वेटर यंत्रावर होतात. क्रोशाचे खरे विणकाम करून देणारे यंत्र मात्र कारखान्यांत नाही. यंत्रावर निघते ते नुसते तसे दिसणारे. म्हणजे शहरातल्या दुकानात क्रोशाचा झगा कितीही स्वस्त टांगलेला असो, तो कोणत्या तरी बाईने बसून, खांब मोजून विणलेला असतो. म्हणून व्यापाऱ्याला आपल्यावाचून इलाज नाही. हे त्याला माहीत आहे. आपल्यालाही माहीत असावे.

एका वडील भगिनींनी मला विचारले, ‘‘विणकाम पैशात मोजले तर त्यातली माया जाते ना ग?’’ मावशी, माझ्या नातीसाठी विणते तेव्हा मी घड्याळ उलटे करून ठेवते. पाच हजार काय, दहा हजार खांब होऊ देत. पण जे परक्याच्या दुकानात जायचे, त्यात माया कोणासाठी घालू? तिथे वीण चोख द्यावी आणि दर चोख घ्यावा. आणि मी ‘नको’ म्हणायला सांगत नाही. व्यापाऱ्याशी एकेकीने दारात उभे राहून बोलू नये, मंडळातर्फे बोलावे. दर नगावर ठरला तरी तो तासांवरून काढलेला असावा. टोके लपवणे आणि जोडणे यांचे पैसे वेगळे धरावेत, कारण त्याच कामाला सगळ्या विसरतात.

संक्रांत झाली की ते व्यापारी पुन्हा येणार आहेत. त्याआधीच्या बुधवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत बैठक ठेवली आहे. प्रत्येकीने घरी घड्याळ लावून चार फेऱ्यांचा एक चौकोन विणून आणावा आणि किती मिनिटे लागली ते चिठ्ठीवर लिहून त्याला टाचावे. लिहिता येत नसेल त्यांनी मला येऊन सांगावे. मंडळाकडे सुया आठच आहेत, तेव्हा ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी आपापल्या आणाव्यात. आणि मागच्या रांगेतल्या मैत्रिणींनो, पिशवीतून चोवीस चौकोन निघाले होते. माझ्याजवळ आत्ता बावीसच आलेत.