नव्या मोटरसायकलीचे गृहागमन

गुढीपाडव्याचा किंवा विजयादशमीचा मुहूर्त साधून नवी मोटरसायकल घरी आणावी, तिला झेंडूचा हार घालावा आणि चाकाखालचे लिंबू चिरडीत ती पुढे न्यावी, हा शिरस्ता आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, त्या उत्साहाच्या भरात हाती पडलेले दस्तऐवज वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. वस्तुतः सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक विक्रीच्या दाखल्याशी ताडून पाहिल्याखेरीज ताबापावतीवर सही करू नये. कारण परिवहन कार्यालयाच्या दप्तरी होणारी, सामान्यतः १५ वर्षे मुदतीची नोंदणी याच क्रमांकांवर आधारलेली असते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो; मात्र स्वतःच्या गाडीच्या हानीची भरपाई त्यात येत नाही, हे पुष्कळांना अपघातानंतरच उमगते.

इंजिनाचे म्हणाल तर, दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीशी घासून नीट बसेपर्यंत, म्हणजे प्रारंभीचे काही शे किलोमीटर, गाडी फार वेगाने पिटाळू नये, तशीच एकाच गतीने तासन्‌तासही चालवू नये. या घर्षणातून सुटलेले धातूचे सूक्ष्म कण तेलात उतरत असल्यामुळेच पहिले तेल लवकर बदलावयाचे असते. कोऱ्या टायरचा पृष्ठभागही आरंभी गुळगुळीत असतो, तेव्हा मित्रमंडळींना वळणावरचे कौशल्य दाखविण्याची हौस, विशेषतः ओल्या रस्त्यावर, थोडी लांबणीवर टाकावी.