चार राखले, तीन सोडले



सॉफ्टवेअरची गुणवत्ता विद्यापीठात कशी शिकवावी, हा आजचा विषय. मी थेट एका अहवालापासून सुरुवात करतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचे नवे रॉकेट, आरियान-५, पहिल्यांदा झेपावले आणि चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशात फुटले. त्यात चार वैज्ञानिक उपग्रह होते. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि दीड महिन्यात त्याचा अहवाल आला. अहवाल छोटा आहे, समजायला सोपा आहे. संगणक अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो दुसऱ्या वर्षातच वाचावा, असे माझे ठाम मत आहे.

झाले होते ते असे. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला संगणक आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या ६४ बिटांतून १६ बिटांत उतरवत होता. या १६ बिटांच्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ती मावली नाही आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता. पण त्यातही हुबेहूब तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तो काही मिलिसेकंद आधीच बंद पडलेला. बिघाडाची जी माहिती बाहेर आली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाचे आकडे समजून वाचली, इंजिनांची तोंडे एकदम वळवली, आणि हवेच्या दाबाने रॉकेट मोडले.

एवढे सांगितले की वर्गात हमखास एक हात वर येतो. "सर, साधा ओव्हरफ्लो आहे. एक चेक टाकायला हवा होता." माझ्या दृष्टीने खरा तास इथून सुरू होतो, कारण चेक टाकण्याचा विचार झालेला होता. धोक्याच्या सात संख्या हेरल्या होत्या. चार राखल्या, तीन तशाच सोडल्या, आणि त्या विचार करून सोडल्या. संगणकावरचा भार ८० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, असे ठरले होते. आणि या तीन संख्या तेवढ्या मोठ्या होणारच नाहीत, असा हिशेब होता. आरियान-४ पुरता तो हिशेब बरोबरच होता. आरियान-५ चा मार्ग वेगळा, सुरुवातीचा आडवा वेग बराच जास्त. त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या ज्या भागाने घात केला, त्याला जमीन सोडल्यावर काही कामच उरत नव्हते. जुन्या रॉकेटची उलटी मोजणी ऐनवेळी थांबली, तर ती लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून तो भाग थोडा वेळ चालू ठेवत असत. नव्या रॉकेटला ती गरज नव्हती, तरी तो चालूच राहिला. आणि ही यंत्रणा नव्या मार्गाच्या आकड्यांवर एकदाही चालवून पाहिली गेली नाही.

यात आळशी किंवा अडाणी माणूस शोधून सापडत नाही. प्रत्येक निर्णयाला कधीतरी सबळ कारण होते. ते कारण सरले, निर्णय मात्र तसाच पुढे आला. गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे अशा निर्णयांची नोंद ठेवणे, ते पुन्हा पुन्हा तपासणे आणि कोणी तपासायचे ते ठरवणे. चाचणी हा त्यातला एक भाग.

आता आपल्याकडे काय चालते ते पाहू. अनेक ठिकाणी हा विषय शेवटच्या वर्षात येतो, तोही ऐच्छिक म्हणून. ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स टेस्टिंगमधला फरक लिहा, गुण पाच. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टेस्ट केसचा तक्ता भरला जातो आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'पास'. मी मुलांना दोष देत नाही. त्यांचा प्रोग्रॅम ओरल झाली की संपतो. तो कोणी वापरत नाही, त्याला दुसरी आवृत्ती नसते, त्यात दुसऱ्याला हात घालावा लागत नाही. गुणवत्तेचा प्रश्न उभा राहतो तो प्रोग्रॅम जगू लागल्यावर, नियम बदलल्यावर, लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर. ते आयुष्य वर्गात आणल्याशिवाय हा विषय शिकवताच येणार नाही.

म्हणून मी मुलांना नवा प्रोग्रॅम लिहायला देत नाही. दुसऱ्याने लिहिलेला, चालू असलेला देतो आणि नियम बदलतो. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. एसटीच्या तिकिटाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे असे धरा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, ज्येष्ठांना सवलत. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट आले. वरवर पाहता दोन ओळींची भर. आता मुलांना विचारायचे, वय ६४, ६५, ७४, ७५, ७६ टाकून काय उत्तर येते? आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस २० तारखेला, प्रवास २१ ला, आरक्षण १० तारखेला केले; वय कोणत्या दिवसाचे धरायचे? सत्तर वर्षांच्या बाईंना ज्येष्ठ म्हणून अर्धे आणि महिला म्हणून पुन्हा अर्धे, असे पाव तिकीट प्रोग्रॅम देतो का? दहा वर्षांच्या मुलीचे काय?

साधारण अर्ध्या तासाने वर्गातला आवाज बदलतो. मुलांना कळते की यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये नाहीतच. ती योजनेच्या आदेशात शोधायची, आणि तिथेही नसतील तर जाऊन विचारायची. प्रोग्रॅमर न विचारता मनाने काहीतरी धरून चालला, तर त्याचा जाब खिडकीवरच्या किंवा गाडीतल्या कंडक्टरला द्यावा लागतो. समोर काठी टेकत उभ्या असलेल्या आजोबांशी वाद घालायला प्रोग्रॅमर येत नाही. हे ज्याला एकदा जाणवले, तो विद्यार्थी टेस्ट केसचा तक्ता डोळे मिटून भरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सामूहिक वाचन. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासण्याची एक पद्धत मांडली. चारेक जण बसतात, प्रत्येकाची भूमिका ठरलेली, एक जण कोड वाचून दाखवतो, बाकीचे दोष शोधतात. दुरुस्ती बैठकीत करायची नाही, नुसती नोंद करायची. सापडलेले दोष लिहिणाऱ्याच्या मूल्यमापनासाठी वापरायचे नाहीत, हे त्यातले पथ्य मला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या परीक्षेत चूक सापडली की गुण जातात, म्हणून मुले चूक लपवायला शिकतात. ज्याच्या कोडमध्ये जास्त दोष सापडले त्याचे गुण कापू नका. ज्यांनी शोधले त्यांना द्या. एवढा बदल कोणताही शिक्षक उद्यापासून करू शकतो.

या विचारांची मुळे आपल्याला परकी नाहीत. बेल प्रयोगशाळेतले वॉल्टर श्यूहार्ट, ज्यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली, ते १९४७-४८ च्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे भारतात आले होते. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेच्या पाच पातळ्या ठरवण्यात पुढाकार घेतला, आणि मोटोरोलाचे बंगळूरचे केंद्र पाचवी पातळी गाठणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्यांपैकी ठरले. त्या शिस्तीने परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवला, हे मी आदराने सांगतो. मात्र त्यातूनच गुणवत्ता म्हणजे फॉर्म आणि ऑडिट असा समज महाविद्यालयांपर्यंत झिरपला. आंतरराष्ट्रीय प्रमाणकात २०२३ पासून गुणवत्तेची नऊ वैशिष्ट्ये आहेत, त्यात सुरक्षितता नव्याने आली. मुले नऊच्या नऊ पाठ करतात. ती पाठ असून भागत नाही, याचा दाखला जुना नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. कंपनीने नंतर कारण जाहीर केले. नव्या साच्यात २१ रकाने होते, प्रोग्रॅम मूल्ये पुरवत होता २०. तोवरच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असे चिन्ह होते, त्यामुळे तिकडे कधी पाहावेच लागले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे नेमके काहीतरी मागितले गेले. आणि अपडेट आधी थोड्या संगणकांवर देऊन पाहण्याऐवजी सर्वत्र एकदम गेले. आरियानच्या अहवालाशेजारी हा अहवाल ठेवून वाचला की विद्यार्थी स्वतःहून दोन्हींतले धागे जोडतात; मला फळ्यावर काही लिहावे लागत नाही.

पालक मला विचारतात, आता कोड यंत्रच लिहिते, मग मुलांनी हा विषय कशाला घ्यायचा? मी म्हणतो, म्हणूनच घ्यायचा. लिहिणे स्वस्त झाले की तपासणाऱ्यावरचा भार वाढतो. यंत्राने लिहिलेल्या दोनशे ओळींत कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे हुडकून काढायला आणि 'हे मी पुढे जाऊ देणार नाही' असे कारणांसह लिहून सही करायला माणूस लागेल. ती सवय शेवटच्या सेमिस्टरच्या एका पेपरने लागणार नाही. पहिल्या वर्षीच्या प्रोग्रॅमिंगपासून दुसऱ्याचा कोड वाचणे, दुसऱ्या वर्षी अपघातांचे अहवाल, तिसऱ्या वर्षी जुन्या प्रोग्रॅममधली दुरुस्ती, असा हा विषय चारही वर्षे चालला पाहिजे.

समोर कंपन्यांत काम करणारे बरेच जण बसलेले दिसतात. तुमच्याकडे मोठा बिघाड झाला की कारणमीमांसा लिहिली जाते. त्यातली ग्राहकाची आणि माणसांची नावे काढा, कंपनीची परवानगी घ्या, आणि तो कागद घेऊन जवळच्या महाविद्यालयात एक तास जा. शिक्षकांना आधी फोन करा. कारण सांगण्याची घाई करू नका. मुलांना आधी प्रश्न विचारू द्या.